दात मीच खात होतो

चंद्रपूरच्या दंतवैद्य बाईंनी माझ्या तोंडातून आरसा बाहेर काढला, हातमोजे उतरवले आणि विचारलं, "काका, झोपेत दात खायची सवय किती वर्षांपासून आहे?"

सवय आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. एकदम किती वर्षांपासून.

मी खुर्चीत आडवा होतो. वरचा दिवा डोळ्यांवर येत होता. माझी बायको गिरजा भिंतीजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी दिव्याकडेच पाहत राहिलो, तेव्हा बाई तिच्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही आवाज ऐकला असेल ना? करकर, करकर असा?"

गिरजा खाली फरशीकडे पाहत म्हणाली, "नाई जी. आमी तर कधी ऐकला नाई."

हे खोटं होतं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि चिमूरकडच्या एका खेड्यात एक बाई राहत होती, तिला तर फार आधीपासून माहीत होतं. तिचं नाव निर्मला. एकेकाळी ती आमची सून होती. तिच्याबद्दल न लिहिता या आजाराबद्दल लिहिलं तर ते पुन्हा खोटंच होईल. म्हणून दोन्ही एकत्र लिहितो. ज्यांना हा आजार आहे त्यांना उपचाराची माहिती मिळेल. ज्यांनी निर्मलाबद्दल काही ऐकलं आहे त्यांना खरं कळेल.

मी वनखात्यात वनरक्षक होतो. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात. गाव कुरखेडा तालुक्यात. आमचा समाज गावतलावातल्या मासोळीवर आणि थोड्या धानावर जगणारा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तेव्हा हे दुखणं अंगावर आलं. म्हणजे, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

सुरुवात सकाळच्या जबड्यापासून झाली. उठल्यावर तोंड पुरतं उघडायचं नाही. चहाचा पहिला घोट घेताना कानाच्या पुढे कट्ट असा आवाज व्हायचा. दोन्ही कानशिलं ठणकायची, दुपारपर्यंत ठणका कमी व्हायचा. कुरखेड्याच्या डॉक्टरांनी कानात टाकायचे थेंब दिले. मग डोकेदुखीच्या गोळ्या. मग कुणीतरी चष्मा बदला म्हणालं, तो बदलला.

एके दिवशी भात खाताना दाताखाली कच्चकन काही आलं. खडा समजून मी गिरजावर ओरडलो. तांदूळ निवडता येत नाही का, वगैरे. तिने तो तुकडा उचलला, पदराने पुसला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"खडा नाई हाये," ती म्हणाली. "तुमचा दात हाये."

गडचिरोलीला एका दंतवैद्याने दोन दाढा काढल्या. दुखणं तसंच राहिलं. त्या दाढा चांगल्या होत्या हे मला चंद्रपूरला कळलं. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: सकाळी जबडा आणि कानशिलं दुखत असतील, दिवस चढला की कमी होत असतील, तर दाढ उपटायची घाई करू नका.

चंद्रपूरच्या बाईंनी घाई केली नाही. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, त्याला ओपीजी म्हणतात. रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासला. मग माझीच बोटं माझ्या गालांवर ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "आता दात घट्ट आवळा." दोन्ही बाजूंना आवळ्याएवढी गाठ वर आली.

"हा मॅसेटर स्नायू," त्या म्हणाल्या. "चावायचा स्नायू. पैलवानाचा दंड जसा व्यायामाने फुगतो तसा तुमचा हा फुगलाय. तुम्ही रोज रात्री तासन् तास याला व्यायाम देता. या आजाराला ब्रुक्सिझम म्हणतात. झोपेत नकळत दात आवळायचे किंवा घासायचे."

त्यांनी माझ्या दातांचा पांढरा ठसा घेतला होता. तो हातात देऊन म्हणाल्या, "बघा. दाढांवर उंचवटे असतात, ते तुमच्याकडे उरलेच नाहीत. पाट्यासारखं सपाट झालंय सगळं. हे दोन-चार वर्षांचं काम नाही. वीस-पंचवीस वर्षं तरी असणार."

वीस-पंचवीस वर्षं. मी मनात हिशेब केला. निर्मलाला आमच्या घरातून पाठवून दहा वर्षं झाली होती.

"कसली काळजी असते का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "काही मनात राहिलेलं? कधीकधी त्यानेही वाढतं."

"नाही," मी म्हणालो. नोकरीत जबाब देताना यायचा तसा तो शब्द लगेच आला.

परतीच्या एसटीत गिरजा खिडकीशी बसली होती. मूल गाव मागे गेल्यावर मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईपाशी खोटं काऊन बोलली?"

"मंग काय सांगू?" ती बाहेर पाहतच म्हणाली. "ऐकला होता म्हनू? अन् सुनेले काहाडून देल्लं म्हनू?" मग तीच पुढे म्हणाली, "तुमी कोनते राजा हरिश्चंद्र हाये? तोंड उघडून होतं तुमचं, खुर्चीत. बोलाचं होतं."

मी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. आमचा संसार असाच चालला होता.

आता मागचं लिहितो.

नोकरीची बहुतेक वर्षं मी घराबाहेर काढली. भामरागडकडच्या जंगलात, एटापल्लीच्या लाकूड डेपोवर. सणावाराला तेवढा घरी यायचो. शेवटी कुरखेड्याला बदली झाली आणि मी घरी राहायला आलो. त्याच वर्षी मुलगा दिलीप याचं लग्न झालं. तो एसटीत वाहक होता, मुक्कामी गाडीवर. रात्री गाडी शेवटच्या गावात थांबायची आणि तोही तिथेच. आठवड्यातून दोन रात्री घरी.

आमच्या घरात मधली खोली एकच. ती नव्या जोडप्याला दिली. गिरजा मागे स्वयंपाकघरात झोपू लागली. मी पुढच्या छपरीत, म्हणजे पडवीत, बाजेवर. छपरी आणि मधली खोली यांच्यात बांबूच्या ताट्यांची, मातीने लिंपलेली भिंत होती. तिच्यातून कुणी कूस बदलली तरी ऐकू यायची.

लग्नाला महिना झाला नसेल. गिरजाला रात्री पुढच्या बाजूने आवाज ऐकू येऊ लागला. करवत चालवल्यासारखा, थांबून थांबून. घरात नवं माणूस एकच आलं होतं असं तिने धरलं. त्याच वर्षी मीही घरी आलो होतो, हे कुणी मोजलं नाही.

आमच्याकडे लहान मूल झोपेत दात खातं तेव्हा जंताचं औषध देतात आणि हसून सोडून देतात. पुरुष खातो तेव्हा कुणी विचारत नाही. सून खाते तेव्हा मात्र ती घर खाते असं मानतात. आणि त्यावर उपाय असा, की झोपेतच तिच्या तोंडात चुलीतली राख टाकायची.

तो उपाय गिरजाने केला. दिलीप मुक्कामी गेला होता. भिंतीपलीकडे निर्मला ठसकत, खोकत उठली ते मी बाजेवरून ऐकलं. मी उठलो नाही. सकाळी ती विहिरीवर वाकून चुळा भरत होती, चूळ राखाडी पडत होती. मी सायकल काढली आणि ड्युटीवर गेलो.

चार दिवसांनी आंगणात दोन शेजारणी बसल्या असताना हा विषय निघाला. निर्मला धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माह्या खोलीतून नाई येत जी तो आवाज. छपरीतून येते."

"काय म्हनली?" गिरजा उठली. "सासऱ्यावर घालते? माह्या देवमानसावर?"

निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. सुना आमच्याकडे सासऱ्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत. तिने पाहिलं. "मामाजी, तुमीच सांगा."

मी म्हणालो, "मले काय माहीत बाप्पा? मी तर झोपून असतो."

शेजारणी हसल्या. मीही थोडा हसलो.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण मला माहीत होतं. दिलीपच्या लग्नाच्या चार वर्षं आधी डेपोवर मडावी नावाचा चौकीदार माझ्या खोलीत झोपायचा. तो एका सकाळी म्हणाला होता, "साहेब, रात्री तुमी लय दात खाता. मले वाटे का घूस लाकूड कुरतडून राह्यली." त्याने दोनदा काठी घेऊन कोपरे तपासले होते. नंतर तो बाहेर झोपू लागला. म्हणजे निर्मला खरं बोलत होती, आणि आंगणातल्या माणसांत ती खरी आहे हे तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

मला वाटलं, आज हो म्हटलं तर उद्या सगळं गाव नाकेदार दात खातो म्हणून हसेल. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. एका हसण्याच्या भीतीने मी गप्प बसलो.

पुढच्या हिवाळ्यात दिलीपची गाडी उलटली आणि त्याचा पाय मोडला. गावाला जे म्हणायचं होतं ते म्हणायला कारण मिळालं.

तलावातली मासोळी काढायच्या दिवशी आमचा सगळा समाज पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जमतो. प्रत्येक घरचा एक माणूस हजर असतो. म्हणून भांडणं, वाटण्या, फारकती, सगळं आधी तिथेच मिटवतात आणि मगच जाळी पाण्यात पडतात. निर्मलाचं प्रकरण तिथे आलं. तिचा भाऊ चिमूरहून आला होता, एका बाजूला उभा होता. दिलीप कुबडी घेऊन बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी घरी असलो तं मेल्यासारका झोपतो. मले काई ऐकू येत नाई." त्यातल्या त्यात तो तरी खोटं बोलला नाही.

पंचांनी मला विचारलं, "नाकेदारभाऊ, तुमचं काय म्हननं हाये?"

"पंच म्हनतील तसं," मी म्हणालो.

मासेमारी संस्थेच्या नोंदवहीत लिहिलं गेलं, की मुलीला झोपेत दात खाण्याची खोड असून घरास बाधा होते, सबब फारकत. खाली माझी सही आहे. माझं अक्षर चांगलं आहे, सही ठळक दिसते.

निर्मला गेली. आठ दिवसांनी आवाज पुन्हा आला. मला जाग आली तेव्हा गिरजा कंदील घेऊन माझ्या बाजेपाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती तशीच आत गेली. सकाळी तिने माझी बाज उचलून मागच्या गोठ्यात नेऊन टाकली. शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाली, "छपरी गळते."

महिना मार्चचा होता. आभाळात ढग नव्हता.

त्यानंतर पुढच्या घरात रात्री शांतता झाली. दिलीपचं दुसरं लग्न झालं, दुसरी सून मधल्या खोलीत झोपू लागली, आणि गाव म्हणू लागलं, पाहा, ती गेली अन् आवाज गेला. मी गोठ्यात म्हशीशेजारी दात खात राहिलो. म्हैस कुणाला सांगणार नव्हती.

आता पुन्हा उपचाराकडे येतो.

बाईंनी पहिल्यांदा नाइट गार्ड दिला. दातांवर बसवायची कडक प्लॅस्टिकची पट्टी. दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती रात्री घालायची. बऱ्याच लोकांचं तेवढ्यावर भागतं. माझ्या पट्टीला अडीच महिन्यांत चीर गेली. ती पाहून बाई म्हणाल्या, "आता स्नायूलाच ढिला करावा लागेल." नागपूरचे एक मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा चंद्रपूरला यायचे. त्यांच्याकडे चिठ्ठी दिली.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी गिरजासोबत चार तास बसलो. समोर एक बाई होती, तिची मान एका बाजूला ओढली गेली होती. शेजारी एक शिक्षक होते, त्यांची पापणी आपोआप मिटायची. आम्हा तिघांना एकच औषध होतं. त्याचं नाव बोटुलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष. खराब झालेल्या डबाबंद अन्नात तयार होणारं. नसेकडून स्नायूला जाणारा हुकूम ते अडवतं. जास्त झालं तर माणूस मरतो. अगदी थोडं, मोजून, नेमक्या जागी टोचलं तर तेवढाच स्नायू सैल पडतो. हे सगळं डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगितलं. औषध नागपूरहून बर्फाच्या थर्मासमधून यायचं, कारण गरम झालं की निकामी होतं. महाग असतं, आधी विचारून घ्या.

डॉक्टरांनी गिरजाला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "सुई टोचण्याआधी मला खरी माहिती लागते. गिळायला त्रास आहे? हातापायात अशक्तपणा? रक्त पातळ करायची गोळी?" मी नाही, नाही म्हणत गेलो. मग त्यांनी विचारलं, "आणि हे कधीपासून आहे ते नक्की माहीत आहे का?"

"माहीत आहे," मी म्हणालो. मडावीचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी कागदावर सोळा वर्षे असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकं सोपं होतं ते.

टोचणं फार दुखत नाही. दात आवळायला लावतात, फुगलेला स्नायू बोटांनी चाचपतात, पेनाने ठिपके देतात आणि प्रत्येक बाजूला चार-पाच ठिकाणी बारीक सुईने टोचतात. मुंगी डसल्यासारखं वाटतं. चार तास आडवं व्हायचं नाही, गाल चोळायचा नाही. फरक लगेच पडत नाही. मला पाचव्या दिवशी जाणवला. पंधराव्या दिवशी सकाळी मी तोंड उघडलं आणि ते सरळ उघडलं. कानशिलं शांत होती.

त्रासही झाला, तो लपवत नाही. चावताना तोंड लवकर थकायचं. मासोळी चालायची, मटण नाही. हसताना डावा कोपरा मागे राहायचा. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो आणि पुन्हा टोचावं लागतं. हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. गिळायला जड गेलं किंवा श्वास लागला तर मात्र घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

पहिल्या इंजेक्शनला तीन आठवडे झाले असतील. आमच्या समाजातले दोन गृहस्थ घरी आले. मुलासाठी स्थळ पाहत होते. निर्मलाच्या भावाची मुलगी त्यांना पसंत होती. मुलगी बारावी शिकलेली, गोरीगोमटी. "बाकी सगळं बरं हाये भाऊ," त्यांतला मोठा म्हणाला, "पन तिची आत्या तुमच्याकडे होती ना? दात खाये म्हनतात. रक्तात असते का असं काई? तुमी खरं सांगा, तुमाले अनुभव हाये."

गिरजा चहा घेऊन आली आणि कपबशा ठेवून आत गेली.

माझा जबडा सैल होता. दुखत नव्हता. बोलायला कसली अडचण नव्हती.

"जुनी गोष्ट हाये," मी म्हणालो. "आता काय बोलाचं."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं होतं. आठ दिवसांनी कळलं, स्थळ मोडलं.

पहिल्या वेळी मी गप्प बसलो तेव्हा वय, अब्रू, नोकरी अशी कारणं मला काढता आली असती. या वेळी एकही नव्हतं. मी म्हातारा होतो, निवृत्त होतो, आणि ज्या मुलीला मी कधी पाहिलंही नव्हतं तिचं लग्न मी एका वाक्यात मोडलं होतं.

मी चिमूरच्या गाडीत बसलो. गिरजाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माहं नाव नोका घेऊ." ती आता हयात नाही. मी तेव्हा तिचं नाव घेतलं नाही. आता घेतलं, कारण राख तिने टाकली असली तरी तिचा हात मी एका शब्दात थांबवू शकलो असतो.

निर्मला अंगणवाडीत मदतनीस होती. मी पोचलो तेव्हा पोरांची खिचडी झाली होती आणि ती मोठं गंज, म्हणजे पातेलं, घासत होती. मला ओळखून तिने हात धुतले. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मडावी, छपरी, डॉक्टरीणबाई, दाढांचा ठसा. माफ कर म्हणालो.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "मले सांगून काय फायदा मामाजी? मले तं मालूमच होतं." मग म्हणाली, "तरी बी मी तीन वर्स झोपाले भेवत होती. भाऊजय बाजूले झोपे, तिले म्हनो, तू जागी राय अन् आईक. ती बिचारी जागली. काईच नाई म्हने. तरी मले वाटे, मीच खात असन."

मला बसायला जागा हवी होती, पण तिने बस म्हटलं नव्हतं.

"माही गोष्ट तं झाली," ती म्हणाली. "पन पोरीचं दुसरं स्थळ येनार हाये. त्याच्या आंधी बोला. अन् इथी नाई. जिथी सगळे होते तिथी बोला. वहीत लिवा अन् त्याचा कागद मले आनून द्या."

मासोळी काढायचा दिवस तीन आठवड्यांवर होता. त्या तीन आठवड्यांत मी एकदा आजारी पडायचं ठरवलं आणि एकदा चंद्रपूरची तारीख त्याच दिवशी आहे असं सांगायचं ठरवलं. दोन्ही केलं नाही. याचं श्रेय मला नको. ती मुलगी नसती तर मी नक्की केलं असतं.

पाळीवर जाळी पसरलेली होती. बाकीची प्रकरणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि बोललो. आवाज मीच करत होतो, निर्मला नव्हे, असं सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवला.

आधी कुणाला समजलंच नाही. मग एक जुना सोबती म्हणाला, "नाकेदारभाऊ, डॉक्टरनं सुई गालात टोचली का डोस्क्यात?"

सगळी पाळ हसली. ज्या हसण्याला मी इतकी वर्षं भ्यालो होतो ते हेच. अर्धं मिनिटसुद्धा टिकलं नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग तवा चूप काऊन होते?"

"भेव लागलं," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"तुमचंच."

यावर मात्र कुणी हसलं नाही. एक म्हातारे पंच म्हणाले, जुनं उकरून काय होते, जाळी टाका. दिलीप माझ्यापासून दहा हातांवर उभा होता. तो आपलं जाळं खांद्यावर टाकून घरी निघाला. त्या वर्षी त्याने आमच्या घरची मासोळी घेतली नाही. आजही तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

संस्थेच्या सचिवाने वही काढून दिली. जुन्या नोंदीखाली मी स्वतःच्या हाताने लिहिलं, की गैरसमजातून सुनेवर आरोप झाला होता, तो खरा नव्हता, दोष माझ्यात होता. सही केली. त्याची नक्कल घेऊन मी पुन्हा चिमूरची गाडी धरली.

निर्मलाने कागद उजेडात धरून वाचला. एकेक शब्द बोट ठेवून. एका जागी तिचं बोट थांबलं.

"गैरसमज कोनाचा?" तिने विचारलं.

मी कागदाकडे वाकून पाहिलं.

"त्या चौकीदारानं तुमाले लग्नाच्या आंधीच सांगतलं होतं ना? तुमीच तं म्हनले मांगच्या खेपेले."

"हो."

"मंग गैरसमज नाई तो. खोडा." तिने हजेरीपटाला अडकवलेलं पेन काढून पुढे केलं. "माहीत असून, असं लिवा."

मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, माहीत असून. गावी येऊन वहीतही तसंच केलं. सचिव कुरकुरला, "वहीत खाडाखोड चालत नाई भाऊ." मी म्हणालो, चालत नसेल तर माझ्या नावाने ओरड. मी खोडलं.

ज्यांना हा आजार असेल त्यांना माझं सांगणं एवढंच, की झोपेतला आवाज आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही. शेजारी झोपणारं माणूस सांगतं तेव्हा त्याचं ऐका. पट्टी घाला, सुई टोचून घ्या, लाजू नका. मी दर चार महिन्यांनी अजून चंद्रपूरला जातो. दंतवैद्य बाईंचा आणि त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. त्यांनी मला खरं काय ते विचारलं. त्याआधी कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी निर्मलाने कागदाची घडी करून हजेरीपटात ठेवली. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"पोरीचं जमलं तं लग्नाले येऊ नोका मामाजी," ती म्हणाली. "लोकं तुमालेच पायत रायतील. तिले पायाचं राहून जाईन."

लग्न जमलं. उन्हाळ्यात झालं, गाडी भरून आमच्या गावचेही लोक गेले. मी गेलो नाही. निर्मलाने मला जे जे सांगितलं, त्यातलं एवढंच मी वेळेवर केलं.